स्वच्छ तोंडाने प्यायची बिअर

आमच्या दोस्तीत बिअरमधलं कोणाला काही म्हणजे काही कळत नाही, आणि बहुतेक म्हणूनच आम्हाला परीक्षक म्हणून बोलावलं गेलं. कॉलेजपासूनचे आम्ही चौघं. त्यातला एक आता बिअर बनवतो. उरलेल्यांत एक रस्त्यांचा ठेकेदार आहे, जो स्वतः बांधलेल्या रस्त्यावरून स्वतःची गाडी नेत नाही. दुसरा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, आणि त्याने आजवर सख्ख्या पोरीलाही पैकीच्या पैकी मार्क दिलेले नाहीत. तिसरी मी, दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघत बसते, त्यामुळे चवीच्या विषयात माझा अधिकार मोठा, असा माझा आपला समज होता.

बिअर बनवणारा आमचा मित्र कित्येक वर्षं हिंगण्याला एका बिस्किटांच्या कारखान्यात होता, क्वालिटीत. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, मधल्या वेळात बिस्किटं मोडून बघायची. चाळिशी उलटली आणि गड्याच्या डोक्यात बिअर शिरली. पुण्याला जाऊन कसलासा कोर्स केला, राजीनामा दिला, आणि मनीषनगरच्या पुढे नवीन उघडलेल्या एका ठिकाणी कामाला लागला, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात आणि तिथल्या तिथे विकतात. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासऱ्यांनी नात्यागोत्यात ‘जावई ज्यूसच्या धंद्यात आहेत’ असं सांगून टाकलं. बायको शहाणी, ती काहीच बोलली नाही. फक्त फ्रिजवर चिकटवलेला बसच्या वेळांचा कागद तिने काढला नाही.

त्या जागेचे मालक म्हणजे शेठ. शेठ स्वतः पीत नाहीत. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी हनुमान, आणि उरलेल्या दिवशी ॲसिडिटी. गल्ल्याजवळ उदबत्ती लावून बसलेला हा माणूस अख्ख्या दक्षिण नागपूरला बिअर पाजतो आणि स्वतः ताक पितो. धंदा मात्र त्याला बरोबर कळतो. त्याच्याकडे सगळ्यात जास्त खपते ती संत्र्याची स्ट्राँग. नागपूरचं काहीही म्हटलं की त्यात संत्रा पडलाच पाहिजे, असा आपल्याकडे जणू कायदाच आहे. बर्फीत पडला, केकमध्ये पडला, आता बिअरमध्येही पडला. आमचा मित्र ती संत्र्याची बनवायचा, पगार घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. त्याला बनवायची होती हलकी बिअर, उन्हाळ्याची, दुपारी प्यायली तरी माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी जाईल अशी.

आता नागपुरात हलकी बिअर विकायची म्हणजे हिंमत पाहिजे. आपल्याकडे बिअरला एकच प्रश्न विचारतात, चढते का? नाही म्हटलं की गिऱ्हाईक उसाचा रस प्यायला जातं. तरी शेठनी त्याला एक टाकी दिली. अट सोपी होती. ‘‘मी तर पीत नाही,’’ शेठ म्हणाले, ‘‘तुमच्या दोस्त लोकांना बोलवा, असली नागपूरवाले. त्यांनी मार्क द्यायचे. चांगले पडले तर उन्हाळाभर नळ तुमचा. नाही पडले तर टाकी खाली करायची, संत्रा लावायचा, आणि तुम्ही पण आपलं बघून घ्यायचं.’’ ‘आपलं बघून घ्यायचं’ याचा अर्थ हिंगण्याची बस होतो, हे सांगायला कोणी ज्योतिषी लागत नव्हता.

मित्राचा आमच्यावर भरवसा का होता, देव जाणे. कॉलेजात त्याने आम्हाला खाताना पाहिलं होतं, एवढाच काय तो पुरावा. कँटीनचा समोसा असो, बर्डीवरची पाणीपुरी असो, थंडीत सावनेरकडे त्याच्या काकाच्या वावरातला हुरडा असो, आम्ही सगळं सारख्याच भक्तीने खाल्लं होतं आणि सगळ्यालाच ‘मस्त’ म्हटलं होतं. अशा तिघांच्या जिभेवर त्याने आपली नोकरी ठेवली.

आदल्या दिवशी त्याने फोन करून आम्हाला नियम सांगितले. ‘‘खरं सांगजा. दोस्ती-गिस्ती घरी ठेवून येजा, त्या शेठले लगेच समजते. आन् तोंड साफ ठेवून येजा. खर्रा नाही, पान नाही, काही नाही.’’ मग म्हणाला, ‘‘एक गोष्ट आहे त्याच्यात. मी नाही सांगत. दुसऱ्या कोणाले समजली नाही तरी तुम्हाले समजन.’’ त्याच्या आवाजात असं काही होतं की मी चेष्टा करायची राहून गेले. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली घुसून बसली होती. घरी मी सासूबाईंना दातांचा कॅम्प आहे असं सांगितलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ठेकेदाराच्या गाडीत बसले. मास्तर आधीच पुढे बसलेला, खिशात कांदा. लू लागू नये म्हणून कांदा, आणि वर म्हणे हा फिजिक्स शिकवतो. ठेकेदाराने सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता आणि आपण केवढा मोठा त्याग केलाय याची आठवण तो दर चौकात करून देत होता. मी गेली किती वर्षं त्याला सांगून राहिले, खर्रा सोड, जबडा जाईल. तेव्हा नाही सोडला. बिअरसाठी सोडला. डॉक्टरकीची ही किंमत आहे.

सगळं नीट चाललं होतं. पण रस्त्यात सावजी भोजनालय लागलं.

‘‘उपाशी पोटी प्यायची?’’ ठेकेदाराने गाडीचा वेग कमी करत विचारलं. हा प्रश्न नव्हता. आपल्याकडे उपाशी पोटी पिणाऱ्याला माणूस समजत नाहीत. मास्तर म्हणाला, रिकाम्या पोटी अल्कोहोल लवकर शोषलं जातं, म्हणजे परीक्षकाचं मत बिघडतं, म्हणजे खाणं हे शास्त्राला धरूनच आहे. मीही मान हलवली. मटण आलं, वर बोटभर तर्री, काळी-लाल. घाम डोळ्यांत उतरेपर्यंत आम्ही शास्त्राला धरून खाल्लं. जीभ कुठे संपते आणि मिरे कुठे सुरू होतात ते कळेना.

हात धुताना मला त्याचे शब्द आठवले, तोंड साफ ठेवून येजा. बस्स, इथे माझं शिक्षण आडवं आलं. माझ्या पर्समध्ये कंपनीवाले देतात त्या टूथपेस्टच्या छोट्या ट्यूबा नेहमी असतात. मी दोघांना बेसिनपाशी उभं केलं आणि बोटावर पेस्ट काढून दिली. डबल मिंट. ‘‘नीट घासा, मागच्या दाढासुद्धा,’’ मी म्हटलं. ‘‘जीभ पण.’’ भर दुपारी तीन पोक्त माणसं सावजीच्या बेसिनपाशी ओळीने उभी राहून दात घासतायत, हे बघून तिथल्या मालकाने विचारलं, ‘‘काहून, जेवणात काही होतं का?’’ आम्ही फेसाळलेल्या तोंडाने नाही नाही म्हणालो. आमची तोंडं इतकी स्वच्छ झाली की श्वास घेतला तरी गार लागत होतं. मित्रासाठी माणूस किती करतो, बघा.

आमचा मित्र दारातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. इतक्या वर्षांत मी त्याला लग्नाशिवाय इस्त्रीत पाहिलं नव्हतं. त्याने ग्लास मांडले, मधे जग ठेवला. बिअर दिसायला छान होती, वाळलेल्या कडब्याच्या रंगाची, वर पांढरा फेस. शेठ ताकाचा पेला घेऊन समोर बसले. मास्तरने दिसणं, वास, चव आणि गिळल्यानंतरचा परिणाम असे चार भाग पाडले. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकासारखा चेहरा करून त्याने ग्लास उजेडात धरला. मग तिघांनी एकदम घोट घेतला.

काय सांगू! कडू म्हणजे इतकी कडू की कडुनिंब बरा. गोडवा नाही, वास नाही, काही नाही. आधी जळजळ, मग बर्फ, मग कडू. ठेकेदाराने डोळे मिटून घेतले. ‘‘भाऊ,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हा तर काढा लागून राहिला बे.’’

‘‘वास काय येते?’’ मित्राने विचारलं. तो आमच्या तोंडांकडे असा बघत होता की माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

मास्तरने नाक ग्लासात घातलं, श्वास ओढला, विचार केला आणि निकाल दिला, ‘‘पुदिना.’’

‘‘पुदिना?’’

‘‘हाव, मलेही पुदिनाच लागला,’’ ठेकेदार म्हणाला.

मीही चाखून बघितलं. पुदिना होताच. तीन माणसं, तीन वेगळे ग्लास, उत्तर एक. याहून पक्कं काय असतं?

‘‘पुदिना डाला क्या तुमने?’’ शेठनी मित्राला विचारलं. तो बिचारा स्वतःच्या ग्लासाचा वास घेत बसला. पुन्हा पुन्हा घेतला. ‘‘पुदिना कुठून येईन गा याच्यात?’’ तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

खरं सांगा, असं त्यानेच बजावलं होतं. मग आम्ही खरं सांगितलं. खरं बोलायची आम्हाला भारी हौस, विशेषतः दुसऱ्याचं नुकसान होत असेल तेव्हा. मास्तरने दहापैकी दोन दिले. ठेकेदाराने तीन दिले आणि त्यातला एक दोस्तीचा आहे असं वर स्पष्ट केलं. मी चार दिले आणि आपण किती उदार आहोत या विचाराने मला बरं वाटलं.

शेठनी ताक संपवलं, मिशी पुसली. रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘सोमवारी टाकी खाली करून टाका. कंपनीची बस अजून जाते ना हिंगण्याला?’’

‘‘जाते,’’ आमचा मित्र म्हणाला.

तो भांडला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. ग्लासाखालचा ओला गोल डाग फडक्याने पुसत राहिला. डाग गेला तरी पुसत राहिला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण खरं तर खरंच असतं ना, असं मी मनाला समजावलं.

आणि तेवढ्यात लाईन गेली. उन्हाळ्यात नागपूरची लाईन कधी जाते? जेव्हा जायला नको तेव्हा. एसी बंद, पंखे बंद. जनरेटर होता, पण तो फक्त टाक्या गार ठेवायला. माणसं तापली तर तापली. पाचेक मिनिटांत काचेतून ऊन अंगावर यायला लागलं आणि आत सावजीने आपलं काम सुरू केलं. ठेकेदाराचा चेहरा लाल झाला. समोर थंड असं एकच होतं. त्याने जग उचलला आणि ग्लास भरला, औषध घ्यायचं तर घ्या अशा चेहऱ्याने. एका दमात संपवला. पुन्हा भरला. मास्तरने आपला ग्लास पुढे सरकवला. मीही.

‘‘प्या,’’ मित्र म्हणाला, ‘‘टाकूनच द्यायची आहे.’’ आणि रिकामा जग भरून आणला.

आम्ही बोलत नव्हतो. पीत होतो. पोटातली आग घोटाघोटाने खाली बसत होती, घाम गार होत होता. कडूपणा कुठे गेला कोण जाणे. पुदिनाही नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्रश केल्यावर लगेच मोसंबीचा रस पिऊ नका, कडू लागतो, हे मी रोज पेशंटना सांगते. भिंतीवर चित्र लावलंय त्याचं मी, माझ्या दवाखान्यात!

‘‘माय वं,’’ मी म्हटलं, ‘‘आपण दात घासून आलो.’’

‘‘काय?’’ मित्राने विचारलं.

‘‘तू म्हटलं ना तोंड साफ ठेवून या. मग आम्ही घासले. पेस्टनं.’’

‘‘काहून घासले?’’

‘‘सावजी खाल्लं होतं ना,’’ ठेकेदाराने सविस्तर खुलासा केला.

मित्र आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. ‘‘साफ म्हणजे कुल्ला करून या म्हटलं होतं वं,’’ तो शेवटी म्हणाला. मला वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर मी हात जोडून ऐकून घेतल्या असत्या.

मास्तर मात्र ग्लास उलटा करून शेवटचा थेंब पडतोय का ते बघत होता. ‘‘आहे का गा अजून?’’ दोन मार्क देणाऱ्याने विचारलं.

शेठ तिकडून हातपंख्याने वारा घेत सगळं बघत होते. आता आम्ही जागे झालो आणि एकदम गलका केला, मार्क बदलायचे आहेत, नऊ, दहा, पेपर पुन्हा तपासतो! शेठनी हात वर केला. ‘‘मार्क राहू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्या तोंडाचं ऐकून मी धंदा नाही करत. मी हा जग पाहून राहिलो केव्हाचा, कसा खाली होते ते.’’ मग मित्राकडे वळले. ‘‘नवतपाचे नऊ दिवस ठेवा. विकली तर उन्हाळाभर. संत्रा बाजूच्या नळाला लावू.’’

ठेकेदाराने शिट्टी मारली. मास्तरने मित्राच्या पाठीवर थाप मारली, आपणच त्याला वाचवलं अशा थाटात. आणि एका अर्थी वाचवलंच होतं. आमच्याइतकं मन लावून त्या टाकीची वाट लावायला दुसरं कोण बसलं असतं?

मित्र हसला, पण थोडंसंच. मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला. ‘‘ते जाऊ द्या,’’ तो म्हणाला. ‘‘आता सांगा. लागली कशी?’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी पेस्ट होती, मग तहान होती. मधे कुठे चव आली असेल तर ती आम्हाला न भेटताच पोटात गेली होती.

‘‘थंड होती,’’ ठेकेदार म्हणाला.

‘‘मस्त थंड,’’ मास्तरने दुजोरा दिला.

‘‘हाव,’’ मित्र म्हणाला, ‘‘थंड तर असतेच.’’ आणि ग्लास गोळा करून आत घेऊन गेला. नोकरी राहिली होती, नळ मिळाला होता, बायकोला बसच्या वेळांचा कागद काढता येणार होता, आणि तरी त्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ अशी दिसत होती की परत येताना गाडीत मी खिडकीबाहेरच बघत बसले. ठेकेदाराने खर्रा खाल्ला. मी त्याला अडवलंही नाही.

पुढल्या रविवारी सकाळी मी उठले आणि दात घासले नाहीत. समजायला लागल्यापासून हे पहिल्यांदा घडलं. चहा घेतला नाही, काही खाल्लं नाही, नुसत्या पाण्याने चूळ भरली. सासूबाई बेसिनकडे बघत म्हणाल्या, ‘‘तब्येत बरी नाही का वं?’’ मी मान हलवली, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटी काढली.

तो टाकीजवळ पाइप धूत होता. मला बघून चमकला. ‘‘काहून आली वं इतक्या सकाळी?’’

‘‘तुझी बिअर दे. अर्धा ग्लास,’’ मी एक हात तोंडावर धरून म्हटलं. ‘‘काही खाल्लं नाही. दातही नाही घासले.’’

‘‘तू? नाही घासले?’’ त्याने असं विचारलं, जसं काही मी घर विकून आले.

त्याने ग्लास दिला आणि पुन्हा पाइप धुवायला लागला, माझ्याकडे पाठ करून. पाण्याचा आवाज मात्र बंद झाला होता. मी घोट घेतला. आधी हलकं, थोडं गोडसर, धान्यासारखं काहीतरी. दुसरा घोट तोंडात धरून ठेवला. आणि गिळल्यावर मागून हळूच धूर आला, गोवऱ्यांच्या आगटीचा. कोवळं कणीस गरम राखेतून काढून तळहातावर चोळतात, फुंकतात आणि भाजलेले दाणे तोंडात टाकतात, अगदी तसाच. सावनेरचं ते वावर, थंडी, आगटीच्या अति जवळ बसून मिशी जाळून घेतलेला ठेकेदार, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं. माझे डोळे भरून आले.

‘‘हुरडा,’’ मी म्हटलं. ‘‘अरे, हा तर हुरडा आहे गा! तुझ्या काकाच्या वावरातला.’’

तो वळला. खांद्याला नाक पुसलं. मग म्हणाला, ‘‘उन्हाळ्यात कोवळी ज्वारी नाही भेटत ना. सुकी भिजवली आन् तंदुरात भाजली. किती वेळा तर जळलीच.’’

‘‘त्या दोघांना सांगू का?’’

‘‘नको. त्याहिले त्याहिच्या तोंडानं समजू दे.’’ त्याने माझ्या हातातून रिकामा ग्लास घेतला आणि पहिल्यांदा मनापासून हसला. ‘‘तू जा वं आता घरी. दात घास.’’